रेघ तुझी, सोनं माझं

बेबी,

तुझी तेरवी झाली. बसायला येणारी माणसं आता कमी झाली आहेत. आलेला प्रत्येक जण एकच विचारत होता, "असं कसं झालं हो अचानक?" आणि मी प्रत्येकाला सांगत होते, "हो ना, अचानकच झालं." चहा देत होते, रिकामे कप उचलत होते आणि पुढच्याला पुन्हा तेच सांगत होते. सांगताना मी मुद्दाम शेडकडे पाठ करून बसायचे. शेडमध्ये शिरपूरची ती हिरवी जीप उभी होती, आणि तिच्या डाव्या अंगावर तू ओढलेली शेवटची रेघ होती. ठिकठिकाणी तुटलेली. ती बघून आल्यावर "अचानक" म्हणणं मला जड जात होतं.

मला रडगाणं जमत नाही, तुला माहीत आहे. हे लिहिते आहे ते एका गोष्टीचा छडा लावायला. ती रेघ तुझ्या हाताने तुटली की वार्निशच्या डब्यामुळे? तू म्हणायचीस डबा. मी म्हणायचे हात. आपलं शेवटचं भांडण तेच होतं. ते अर्धं टाकून तू निघून गेलीस.

रिसोडसारख्या गावात गाडीवर खऱ्या सोन्याची रेघ कोण मारून घेतं, असं नवीन माणूस हसून विचारायचा. मी उत्तर जुळवेपर्यंत तू बोलून मोकळी व्हायचीस, "ज्याच्या बायकोनं सोनं मांगलं अन् त्यानं ते गाडीले घातलं, तो घेते." विचारणारा ओशाळायचा. बहुतेकदा तो तसलाच असायचा. कुणाचा नवा ट्रॅक्टर, कुणाची वडिलांच्या वेळची जीप, कारंज्याच्या वरातीची बग्गी. ह्यांनी गाडी ठोकून रंगवायची, त्यांच्या धाकट्या भावाने, तुझ्या नवऱ्याने, संतोषभाऊंनी वेल्डिंग करायचं आणि शेवटी गाडी आपल्या दोघींकडे यायची. पुरुषांचं काम झालं की मागचं दार बंद, पंखा बंद, धूळ उडू नये म्हणून जमिनीवर ओलं पोतं. दोन जावा आणि एक गाडी.

हे वाटप आबाजींनी करून दिलं होतं. सासरे आधी देवळांच्या दारांवर वर्ख चढवायचे, मग गाड्यांकडे वळले. हात थकल्यावर त्यांनी आपल्या दोघींना समोर बसवलं आणि लांब केसांचा तो ब्रश हातात दिला. माझी रेघ बघून म्हणाले, "मोठीची रेघ म्हंजे चालता बैल मुतते तशी." तू खुदकन हसलीस. सासऱ्यांसमोर नवी सून अशी हसली म्हणून सासूबाईंनी डोळे वटारले. मग तू ब्रश घेतलास. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका श्वासात गेलीस, मध्ये कुठे थांबली नाहीस. आबाजींनी वाकून रेघ उजेडात तिरपी बघितली. मग म्हणाले, "रेघ लहानी वढन. सोनं मोठी ठेवन. तिच्यात धीर हाय."

मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी ते धीराचं म्हटलं असावं. पण वाटप बरोबर होतं. तू वार्निशची रेघ ओढायचीस, ते थोडं सुकून चिकट व्हायची वाट बघायची, मग मी त्यावर वर्ख ठेवायचे. वार्निशला रंग नसतो. तू ओढलेली रेघ उजेडात तिरपं बघितलं तर कुठे जराशी चमकते, एरवी दिसत नाही. मी सोनं ठेवलं, कापसाने दाबलं, वरचं मोकळं सोनं मऊ ब्रशने झाडलं की तेव्हा ती उघडी पडायची. तू काय ओढलं आहेस ते सगळ्यांच्या आधी मला दिसायचं. तुझ्याही आधी. इतकी वर्षं ही गोष्ट मला फार आवडत होती. झाडताना सोन्याची ती सुतासारखी रेघ निघत यायची आणि तू मागून विचारायचीस, "कशी हाय?" मी म्हणायचे, "बरी हाय." चांगली म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, मला ठाऊक नाही. मी कधी म्हटलं नाही.

वर्ख उघडा असताना बोलायचं नाही, हा आपल्या कामाचा नियम. बोललं की श्वास लागतो आणि वर्खाचं पान उडतं. उडालेलं सोनं पुन्हा हाताला लागत नाही, कुठे केसात, कुठे पदराला जाऊन बसतं. हा नियम मला कधी जड गेला नाही. तुझं मात्र सगळं आयुष्य बोलण्यावर चाललेलं. सकाळी नळावर सुरू व्हायचीस ते झोपेपर्यंत. भाजीवालीच्या सुनेचं, मोबाईलमध्ये पाहिलेलं, कुणाच्या वावरात डुकरं शिरली ते, संतोषभाऊ झोपेत काय बडबडले ते. मला अर्धं ऐकू यायचं, अर्धं मी ऐकायचे नाही.

आणि मग मी काय करायचे ते तुला पक्कं माहीत होतं. तुझ्या बोलण्याचा कंटाळा आला की मी वर्खाची पुडी उघडायचे. रेघ अजून पुरती चिकट झालेली नसली तरी. पुडी उघडली की तुला तोंड मिटावंच लागायचं. कधी कधी मी पान हातात धरून उगाच वाट बघत बसायचे, तेवढीच शांतता म्हणून. एकदा तू न राहवून हळूच, ओठ न हलवता म्हणालीस, "मोठीबाई, तुमी वर्ख उघडून राह्यल्या का मायं तोंड बंद करून राह्यल्या?" मला हसू आलं आणि पान उडालं. ते तुझ्या कपाळावर जाऊन बसलं. तू दिवसभर ते पुसलं नाहीस. संतोषभाऊंना दाखवत फिरलीस, "पाहा, मोठीबाईनं मले सोन्यानं मढवलं."

तुला सगळं कळत होतं आणि तू चालवून घेत होतीस. हे आत्ता माझ्या ध्यानात येतं आहे.

कारंज्याची बग्गी आठवते? नवरदेवाचे वडील लग्नाच्या आधी रोज येऊन उभे राहायचे. तुझा हात चाकाच्या आऱ्यावरून चालला होता आणि ते अगदी पाठीमागे येऊन म्हणाले, "बाई, हे खरं सोनं हाय ना पण?" तू ब्रश उचलला नाहीस, मान वळवली नाहीस. आरा पुरा केलास, ब्रश ठेवलास आणि मग म्हणालीस, "तुमच्या सुनेच्या अंगावरचं खरं हाय का ते पाहा आधी. हे तं माह्या समोर लागून राह्यलं." मला वाटलं काम गेलं. ते गृहस्थ इतके हसले की त्यांना बसायला स्टूल द्यावं लागलं. त्या बग्गीच्या चाकांवरच्या तुझ्या रेघा मी आतापर्यंत पाहिलेल्या सगळ्यात सरळ रेघा होत्या. तेव्हाही मी म्हणाले, "बरी हाय."

आणि माझ्या आईच्या वेळी तू माझ्या माहेरी आलीस. मला लोकांशी बोलवत नव्हतं. दारातून कुणी आलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. तू माझ्या कानाशी म्हणालीस, "तुमच्या वाटचं मी बोलतो. तुमी फक्त मान हालवा." दिवसभर तू बोललीस. माझ्या आत्यांशी, मामांशी, ज्यांची नावंही तुला माहीत नव्हती त्यांच्याशी. आई कशी गेली, काय काय झालं, सगळं तूच सांगितलंस आणि मी मान हालवली. मला पाहिजे होती ती शांतता तू तेव्हा आपणहून दिलीस. मी मात्र एरवी पुडी उघडून ती तुझ्याकडून काढून घेत राहिले. त्या दिवसाबद्दल तुझे आभार मानायचे होते. तू समोर असताना मला वाटायचं, घरच्या माणसाचे काय आभार मानायचे.

आता डब्याचं.

कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. उन्हं तापायला लागली होती. मी एका ट्रॅक्टरच्या बॉनेटवर सोनं झाडत होते आणि रेघ मध्येच संपली. बोटभर जागा सोडून पुढे पुन्हा सुरू झाली. आधी मला वाटलं माझंच पान नीट बसलं नाही. पुन्हा पान ठेवलं. धरलं नाही, कारण खाली वार्निशच नव्हतं.

"बेबी, इथं सुटली."

तू येऊन बघितलंस. बराच वेळ बघत राहिलीस. "डबा घट्ट झाला असन," म्हणालीस. "ब्रश वढून राह्यला."

वार्निश जुनं झालं की दाटतं, ब्रश अडकतो, हे खरं आहे. म्हणून मी तेव्हा गप्प बसले. नवा डबा मागवला. त्या नव्या डब्याचीही रेघ तुटली. मग मी गप्प बसले नाही.

"नव्या डब्याले काय धाड भरली?"

"कंपनी खराब माल देऊन राह्यली. पहिल्यासारखं काई येत नाई आता."

"कंपनीले नाव नोको ठेवू. दिवसभर तो मोबाईल पाहतं तू. डोये थकले तुहे."

"माये डोये चांगले हायेत. तुमचाच चष्मा पुसा."

असं आपलं चालायचं. जेवताना, भांडी घासताना, धुणं वाळत घालताना. हे वैतागायचे, "त्या डब्याचं लगन लावा आता कोनासंग तरी." संतोषभाऊ हसायचे. कुणाला काही वाटलं नाही. दोन जावा डब्यावरून भांडतात, यात घाबरण्यासारखं काय आहे?

आता मागे वळून बघते तेव्हा बाकीचं एकेक दिसतं. तू चहाचा कप डाव्या हातात धरायला लागली होतीस. तुझ्या पोळ्या एका बाजूने जाड व्हायला लागल्या होत्या आणि मी ताटावर बसल्या बसल्या तसं म्हटलंही होतं. पदर खोचताना दोनदा सुटायचा. नळावरून आणायची कळशी तू अर्धीच भरायचीस आणि मी मनात म्हणायचे, आळशी झाली. एका घरात, एका चुलीवर, एका गाडीच्या दोन बाजूंना आपण इतकी वर्षं काढली. तुझ्या हाताकडे माझ्याइतकं बारीक दुसरं कुणी बघितलेलं नाही. पण मी बघायचे ते त्या हातातून काय निघतं ते. हाताचं काय होतं आहे ते नाही.

शिरपूरचे दिगंबरभाऊ ती जीप घेऊन आले. त्यांच्या वडिलांची जीप. गर्द हिरवा रंग ह्यांनी मन लावून मारला होता. डाव्या अंगावर पुढच्या मडगार्डपासून मागच्या दारापर्यंत एकच लांब रेघ हवी होती. लांब रेघेत काही लपत नाही. तू उभी राहून ओढायला सुरुवात केलीस, मग गुडघ्यावर बसलीस, मग पुन्हा उभी राहिलीस. पूर्वी तू लांब रेघेला अशी थांबत नसायचीस. मी पुडी घेऊन तयार होते. वार्निश चिकट होईपर्यंत आपण बाहेर बसलो. त्या दिवशी तू बोलली नाहीस. मला वाटलं, बरं झालं, डोकं शांत आहे.

मग मी सोनं ठेवायला घेतलं. तू बाजूला कापूस घेऊन उभी. मी पान उचललं, ते माझ्या ब्रशवर होतं, आणि तू म्हणालीस, "मोठीबाई, मले वाटते का..."

मी डावं बोट वर केलं. बस. उघड्या वर्खासमोर बोलायचं नाही, हे काय तुला नव्याने सांगायला हवं होतं? तू गप्प झालीस. मी ते पान ठेवलं, पुढचं ठेवलं, शेवटपर्यंत गेले. झाडलं. रेघ निघाली. चांगली सुरू झाली होती, दारापाशी पातळ झाली, खाली उतरली, तुटली. पुन्हा सुरू, पुन्हा तुटली.

मी विचारलं नव्हतं असं नाही. पुडी मिटल्यावर मी विचारलं, "काय म्हणत व्हती मघाशी?"

तू रेघेकडे बघत होतीस. म्हणालीस, "काई नाई. डबा खराब हाय."

आणि मी चिडले. दिगंबरभाऊ संध्याकाळी येणार होते. मी म्हटलं, "डब्याकडं नोको पाहू. हाताकडं पाहा तुह्या."

तू खरंच हाताकडे बघितलंस. तळवा वर केलास, मिटलास, उघडलास. मग डब्याचं झाकण लावलंस, मुठीने ठोकून घट्ट बसवलंस आणि घरात गेलीस. मी दिगंबरभाऊंना फोन करून सांगितलं की रेघ पुन्हा करावी लागेल, गाडी राहू द्या.

एवढंच. हे आपलं शेवटचं बोलणं नव्हे, त्यानंतरही आपण भाजी-मिठाचं बोललो. पण त्या विषयावरचं शेवटचं हेच. मी जे म्हणाले ते बहुधा खरंच होतं, आणि म्हणून ते मला जास्त बोचतं. खोटं बोलले असते तर आता माघार घेता आली असती.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी तू ओट्याशी उभी होतीस आणि हातातला पेला पडला. मी आतून ओरडले, "काय फोडलं व?" उत्तर आलं नाही. तुझ्याकडून उत्तर न येणं ही काही साधी गोष्ट नव्हती, म्हणून मी लगेच आले. तू खाली बसली होतीस, तोंड एका बाजूला गेलं होतं, आणि तू काहीतरी सांगत होतीस. शब्द होते, पण त्यातला एकही कळत नव्हता. तू बोलत होतीस आणि मला समजत नव्हतं. मी "हो हो" म्हणत राहिले.

अकोल्याला नेलं. तिथे नर्सने "वनमाला" म्हणून हाक मारली आणि आम्ही कुणीच उठलो नाही. तिने पुन्हा हाक मारली तेव्हा संतोषभाऊ म्हणाले, "वैनी, बेबीचंच नाव हाय ते." डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी विचारलं, "याआधी हाताला मुंग्या येणं, पकड सुटणं, वस्तू हातातून पडणं, असं काही जाणवलं होतं का?" संतोषभाऊंनी माझ्याकडे बघितलं. घरातलं मला जास्त माहीत असतं म्हणून. मी म्हणाले, "नाही. काहीच नाही." मी खोटं बोलले नाही. मला खरंच त्या वेळी काही आठवलं नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी वेगळं उत्तर दिलं असतं तरी तेव्हा फरक पडला नसता, असं डॉक्टरांच्या बोलण्यावरून वाटलं. आधी पडला असता का, ते मी त्यांना विचारलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

जीप मला आठवली ती शववाहिनीतून तुला घेऊन परत येताना, मालेगावच्या फाट्यापाशी. समोर एक ट्रॅक्टर चालला होता आणि त्याच्या बाजूला पिवळी पट्टी होती. पट्टी बघितली आणि सगळ्या तुटलेल्या रेघा एकापाठोपाठ एक समोर आल्या. संतोषभाऊ तुझ्या पायाशी बसले होते. "सकाळी चांगली हासत व्हती वैनी," म्हणत होते. "कोणाले माईत व्हतं?"

त्यांना मी अजून तोंडाने काही सांगितलेलं नाही. हे लिहिलेलं वाचतील तेव्हा कळेल. समोर बसून सांगणं मला जमणार नाही. तू असतीस तर माझ्या वाटचं तूच बोलली असतीस.

त्या दिवसापासून मी मनाशी एकच घोकत होते: डबा खराब असेल. कंपन्या हल्ली कसलाही माल देतात. उन्हाने दाटलं असेल. झाकण नीट बसलं नसेल. तू म्हणायचीस ती सगळी वाक्यं मी पाठ म्हणत होते, तुझ्याच सुरात. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादं भांडण हरायची इच्छा झाली. डबा खिडकीत होता, तू बंद केला होतास तसा. मी तिकडे जात होते, फडकं मारत होते, डब्याला हात लावत नव्हते. उघडला नाही तोवर तो खराब असू शकत होता.

काल दिगंबरभाऊ आले. दारात आल्यावर तुझा फोटो बघून थबकले.

"बाई, मले माईतच नव्हतं. नाईतर आलो नसतो गाडी मांगाले."

"कायले? गाडी तुमची हाय, काम आमचं अर्धं हाय. बसा."

"राहू द्या ना. हाय तशी नेतो."

त्यांच्या मनात चांगुलपणा होता. पण तुटकी रेघ घेऊन गाडी गावात फिरली असती आणि लोकांनी विचारलं असतं, कुणी मारली? मला ते चालणार नव्हतं. मी थिनर आणि फडकं घेतलं.

पुसण्याआधी मी पहिल्यांदा ती रेघ नीट बघितली, बसून, चष्मा पुसून. ब्रश अडकला असता तर रेघेची कड फाटलेली दिसली असती, पुढे गुठळी राहिली असती. आबाजींनी हे आपल्याला शिकवलं होतं. इथे कड साफ होती, गुठळी नव्हती. ब्रश हळूहळू पत्र्यापासून दूर गेला होता. हात खाली उतरला होता, तू त्याला पुन्हा वर आणला होतास, पुन्हा उतरला होता. प्रत्येक तुटल्या जागेपुढे तू पुन्हा सुरुवात केली होतीस, आणि प्रत्येक सुरुवात ठीक जागेवर होती. हे मला त्याच दिवशी दिसलं असतं. मी तेव्हा फक्त तुटलेलं मोजत होते.

मग पुसली. सोनं फडक्यावर आलं. तुला वाटेल, मोठीबाईचा हात थांबला असेल. नाही थांबला. थांबला असता तर पुढे काम झालं नसतं.

मला तुझ्यासारखी मोकळ्या हाताने ओढता येत नाही. मी वर-खाली चिकटपट्ट्या लावल्या, मध्ये सुताएवढी जागा ठेवली. तू म्हणायचीस, "पट्टी लावून तं कोनीबी वढते." कोनीबीतली मी. मग खिडकीतला डबा आणला. झाकण निघेना, इतकं तू घट्ट ठोकलं होतंस. चमच्याच्या दांड्याने उचकटलं.

वर साय नव्हती. ब्रश बुडवून उचलला तर वार्निश तेलासारखं एका धारेने परत उतरलं. इतके दिवस उभा राहून डबा आणखी दाटायला हवा होता. पातळ तर तो आपोआप होत नाही. तरी मी स्वतःला म्हटलं, पत्र्यावर बघू. पत्र्यावर ब्रश टेकवला आणि मडगार्डपासून मागच्या दारापर्यंत तो कुठेही अडकला नाही. माझ्यासारखीच्या हातातसुद्धा.

मी ब्रश पुसत राहिले, साफ झाल्यावरही. ह्यांनी बाहेरून विचारलं, "झालं का?" मी "हो" म्हटलं.

दिगंबरभाऊंना जेवायला बसवलं. वार्निश चिकट झालं तेव्हा दार लावलं, पंखा बंद केला, पुडी उघडली. कापूस धरायला कुणी नव्हतं म्हणून संतोषभाऊंना बोलावलं. त्यांनी धरला. बोलू नका, असं त्यांना सांगावं लागलं नाही. मी एकेक पान ठेवत गेले. इतकी शांतता होती की बाहेर कुणाच्या तरी मोबाईलवरचं गाणं ऐकू येत होतं. हीच शांतता मी तुझ्याकडून इतकी वर्षं चोरून घेत होते. मला ती आता ठेवून घ्यायला नको आहे.

झाडलं. पट्ट्या काढल्या. रेघ सरळ आली, कुठे तुटली नाही. तुझ्या रेघेत जो जीव असायचा तो तिच्यात नाही, पण चूक काढायला जागाही नाही. "कशी हाय?" असं मागून कुणी विचारलं नाही.

दिगंबरभाऊ हात धुऊन आले, वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले. संतोषभाऊ कापूस गोळा करत होते.

"आता कशी बरोबर आली," दिगंबरभाऊ म्हणाले. "मागच्या बारीले काय झालं व्हतं बाई? त्यांचा हात तं लय चांगला व्हता म्हणते."

संतोषभाऊंचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी वर बघितलं नाही.

"हात चांगलाच व्हता," मी म्हणाले. "डबा खराब व्हता."